मराठी बोलण्यातला भाव संगणकाकडून ओळखून घ्यायचा असेल तर

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ‘इमोशन डिटेक्शन’ हा प्रकल्प इतक्या वेळा होतो की परीक्षकांना त्याचे प्रात्यक्षिक पाठ झालेले असते. विद्यार्थी वेबकॅमसमोर बसतो, चेहऱ्याभोवती चौकट उमटते, त्याने दात दाखवले की ‘हॅपी’ आणि भुवया आवळल्या की ‘अँग्री’ असा शब्द झळकतो. त्यामागे बहुधा एफईआर-२०१३ हा डेटासेट असतो, म्हणजे ४८ बाय ४८ पिक्सेलची ३५,८८७ कृष्णधवल चित्रे आणि प्रत्येकावर सातांपैकी एक लेबल. या चित्रांवर माणसांचीच परीक्षा घेतली गेली तेव्हा त्यांची उत्तरे लेबलांशी सुमारे ६५ टक्केच जुळली होती, ही गोष्ट प्रकल्पाच्या अहवालात सहसा येत नाही. प्रात्यक्षिक यशस्वी होते, कारण विद्यार्थी यंत्राला हवा तसा अभिनय करतो. वीजबिलाची तक्रार घेऊन फोन करणारा माणूस असा अभिनय करत नाही, आणि खरा प्रश्न त्याच्यापाशी सुरू होतो.

संगणकाला भाव दिसत नाही. आवाजाची पट्टी, ओठांच्या कोपऱ्यांची हालचाल, वाक्यातले शब्द अशा बाहेरच्या खुणा त्याला मिळतात, आणि माणसांनी पूर्वी अशाच खुणांना कोणते नाव दिले होते यावरून तो अंदाज बांधतो. म्हणून रोजच्या व्यवहारात चालेल अशी यंत्रणा करणाऱ्याने मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकून अंदाज बांधणारा प्रोग्राम, निवडण्यापेक्षा नाव कोण देतो, कशाला देतो आणि कोणत्या परिस्थितीत देतो या गोष्टींवर अधिक वेळ घालवावा. पुढील मार्गदर्शन मराठी आवाजापुरते आहे. एक लॅपटॉप, साधे फोन आणि मदतीला चार-पाच माणसे असतील तर एवढे काम महाविद्यालयीन गटालाही जमते.

प्रश्न आधी कागदावर

‘भावना ओळखणे’ हा प्रश्न म्हणून फार सैल आहे. ‘हेल्पलाइनवर बोलणाऱ्याचा आवाज त्याच्या सुरुवातीच्या बोलण्यापेक्षा चढला आहे का’ हा प्रश्न मोजता येतो. आपला प्रश्न अशा एका वाक्यात बसत नसेल तर रेकॉर्डिंगला सुरुवात करू नये.

त्यानंतर भावांची यादी ठरवावी लागते. पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची राग, किळस, भीती, आनंद, दुःख आणि आश्चर्य ही सहा भावांची यादी या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरली गेली. नाट्यशास्त्रातील आठ स्थायी भावांपैकी क्रोध, जुगुप्सा, भय, हास, शोक आणि विस्मय हे सहा तिच्याशी जवळजवळ एकास एक जुळतात. उरतात ते रती आणि उत्साह. मात्र भरताने ते वर्गीकरण रंगमंचासाठी केले होते, जिथे भाव प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे हेच नटाचे काम असते. रोजच्या बोलण्यात अशी शुद्ध रूपे क्वचितच भेटतात. तिथे बहुतांश वेळ साधा सूर असतो आणि अधूनमधून कंटाळा, घाई, संकोच किंवा दाबलेली चीड डोकावते.

त्यामुळे दोन मोजपट्ट्या घेणे मला अधिक सोयीचे वाटते. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या मांडणीत प्रत्येक भावाची जागा दोन गोष्टींवरून ठरते: तो सुखद आहे की त्रासदायक, आणि त्यात खळबळ किती आहे. दोन्हींसाठी १ ते ५ अशी श्रेणी ठेवावी. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: आवाजाच्या पट्टीवरून आणि जोरावरून खळबळ बऱ्यापैकी कळते, पण सुखद-त्रासदायक हा भेद केवळ त्यांवरून नीट कळत नाही, त्यासाठी बोललेले शब्द लागतात. आनंदाने ओरडणे आणि रागाने ओरडणे यांत यंत्राचा गोंधळ होतो तो यामुळेच.

चेहरा, शब्द की आवाज

चेहऱ्याच्या हालचालींचे वर्णन करण्यासाठी एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे. गाल वर उचलले जाणे हा क्रमांक ६ आणि ओठांचे कोपरे वर ओढले जाणे हा क्रमांक १२. ओपनफेससारखी मोफत साधने हे क्रमांक व्हिडिओतून काढून देतात आणि ते काम चांगले करतात. अडचण पुढच्या पायरीवर येते. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक हजाराहून अधिक संशोधनांचा आढावा घेतला, तेव्हा रागावलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात हे सरासरी सुमारे ३० टक्के प्रसंगांतच खरे असल्याचे दिसले. शिवाय आठ्या घातलेला माणूस रागावलेला असतोच असे नाही. तो विचार करत असेल किंवा त्याच्या डोळ्यांवर ऊन येत असेल. क्रमांक ४ ची हालचाल, म्हणजे भुवया आवळणे, यंत्र अचूक सांगेल. त्यावरून रागापर्यंत मारलेली उडी आपली असते.

लिखित मराठीसाठी पुण्यातील एल३क्यूब गटाने केलेला महासेंट हा सुमारे सोळा हजार ट्विटांचा डेटासेट उपलब्ध आहे. त्यात सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी तीन लेबले आहेत. मात्र ‘वा, फारच वेळेवर आलात!’ हे वाक्य कौतुकाचे की टोमण्याचे, हे अक्षरांत कुठेही लिहिलेले नसते. ते सुरात असते, आणि त्याहूनही घड्याळात असते.

आवाजाचा फायदा असा की तो साध्या फोनवर मिळतो, चेहऱ्याइतका प्रकाशावर अवलंबून नसतो, आणि बोलणाऱ्याने शब्द जपून वापरले तरी सूर पूर्णपणे जपणे त्याला अवघड जाते.

रेकॉर्डिंग

इंटरनेटवर सहज मिळणारे बहुतेक डेटासेट अभिनयाचे आहेत. रॅव्हडेस या २०१८ मधील संचात उत्तर अमेरिकी उच्चारांचे २४ नट ‘दाराजवळ मुले बोलत आहेत’ आणि ‘दाराजवळ कुत्री बसली आहेत’ या अर्थाची दोनच इंग्रजी वाक्ये वेगवेगळ्या भावांत म्हणतात. बर्लिनच्या २००५ मधील संचात १० नट आणि जर्मन वाक्यांची ५३५ रेकॉर्डिंगे आहेत. सॉफ्टवेअर नीट बसले आहे की नाही हे पाहण्यासाठी हे संच उत्तम आहेत. त्यांच्यावर आलेले ८०-९० टक्क्यांचे यश मराठी घरातल्या बोलण्याला लावणे मात्र चूक आहे, कारण भाषा, प्रसंग आणि अभिनय ही तिन्ही अंगे वेगळी आहेत.

खरे बोलणे मिळवण्यासाठी माणसांना ‘रागाने बोला’ असे सांगू नये. दोन मित्रांना सहलीचा खर्च वाटून घ्यायला सांगावे, एखाद्याला हरवलेल्या वस्तूची किंवा लांबलेल्या सरकारी कामाची हकिगत विचारावी, पत्त्यांचा डाव मांडावा. प्रत्येक व्यक्तीचे पाच-सात मिनिटांचे निवांत बोलणेही वेगळे नोंदवावे. त्याचा उपयोग पुढे येतो आणि तो फार मोठा आहे.

तांत्रिक बाजू सोपी आहे, पण तिच्यात एक खोडा आहे. सेकंदाला १६ हजार नमुने (१६ किलोहर्ट्झ), मोनो म्हणजे एकच ध्वनिमार्ग, आणि आवाज न दाबता साठवणारे डब्ल्यूएव्ही स्वरूप पुरेसे होते. खोडा असा की फोनमधील गोंगाट कमी करणाऱ्या आणि आवाज आपोआप समान करणाऱ्या सोयी हळू बोलणे मोठे करतात आणि ओरडणे दाबतात, म्हणजे आपल्याला हवी असलेली खूणच पुसून टाकतात. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये या सोयी बंद करता येत असतील तर बंद कराव्यात. तोंड आणि फोन यांतले अंतर प्रत्येक वेळी सारखे ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आवाजी संदेश दाबून लहान केलेले असतात, म्हणून ते थेट केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मिसळू नयेत. यंत्रणा पुढे जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर वापरायची असेल तर नमुनेही त्याच मार्गाने घ्यावेत, कारण तिथे साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचतो. कुकरची शिट्टी, पंखा आणि शेजारचा टीव्ही मात्र वगळू नयेत. वापराच्या ठिकाणी ते असणारच आहेत.

माणसे निवडताना केवळ आपल्या वर्गातले मित्र घेण्याचा मोह टाळावा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारे, वयस्कर स्त्रिया, रोज मोठ्या आवाजातच काम चालते अशा बाजारातले विक्रेते यांचे साधे बोलणेही वेगवेगळ्या पट्टीत असते. एकाच भागातल्या आवाजांवर शिकलेले यंत्र दुसऱ्या भागातल्या निवांत गप्पांना भांडण ठरवते.

संमती लेखी आणि मराठीतच घ्यावी. आवाज कशासाठी वापरणार, कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार आणि तो परत घ्यायचा असल्यास कोणाला सांगायचे, एवढे त्यात स्पष्ट असावे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती आणि ती मागे घेण्याचा हक्क यांना मध्यवर्ती स्थान आहे, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते. फोनवर दोघे बोलत असतील तर संमती दोघांचीही हवी.

लेबल लावणे

बहुतेक प्रकल्प इथे घाई करतात आणि इथेच फसतात. रेकॉर्डिंगचे तीन ते सहा सेकंदांचे तुकडे करावेत आणि किमान तीन जणांनी, शक्यतो पाच जणांनी, एकमेकांशी न बोलता त्यांना श्रेणी द्यावी. त्यांत स्त्री-पुरुष, तरुण-वयस्कर आणि वेगवेगळ्या बोलींशी परिचित माणसे असावीत. सूचना एका पानावर लिहून द्याव्यात आणि ‘सांगता येत नाही’ हा पर्याय अवश्य ठेवावा, नाही तर गोंधळलेला माणूस ‘तटस्थ’वर बोट ठेवून पुढे जातो आणि तो गोंधळ आपल्यापासून कायमचा लपतो.

लेबल नेमके कशाचे आहे हेही ठरवून लिहावे. बोलणाऱ्याला काय वाटत होते हे एक, आणि ऐकणाऱ्याला काय जाणवले हे दुसरे. बाहेरच्या माणसांनी दिलेली श्रेणी नेहमी दुसऱ्या प्रकारची असते. तिच्यावर शिकलेले यंत्र ‘ऐकणाऱ्याला हा आवाज चिडलेला वाटेल’ एवढेच सांगू शकते. पहिले हवे असेल तर रेकॉर्डिंग संपल्याबरोबर बोलणाऱ्यालाच विचारून त्याचे उत्तर स्वतंत्र रकान्यात नोंदवावे. दोन रकाने ताडून पाहिले की आपल्या माणसांच्या दाबून बोलण्याची कल्पना येते.

प्रत्येक तुकडा दोनदा ऐकवावा, असा माझा आग्रह आहे: पहिल्यांदा सुटा, आणि नंतर त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यासह. नाट्यशास्त्र अनुभावासोबत विभावही मांडते, म्हणजे दिसणाऱ्या खुणेबरोबर तिचे कारणही. रंगमंचापुरते केलेल्या त्या विवेचनातील हा भाग रोजच्या आवाजालाही लागू पडतो. दुसऱ्या ऐकण्यात अनेकांची श्रेणी बदलत असेल तर त्याचा अर्थ असा की सुट्या तुकड्यावरून निर्णय देणारे यंत्र आपल्या कामाचे नाही, आणि त्यालाही आधीचे बोलणे पुरवावे लागेल.

आता एकमत मोजावे. सोपे जावे म्हणून १ ते ५ श्रेणींऐवजी नावांच्या लेबलांचे उदाहरण घेऊ. दोघांनी १०० तुकड्यांपैकी ८० ना सारखेच लेबल दिले, हे ऐकायला चांगले वाटते. पण लेबले ‘तटस्थ’ आणि ‘चिडलेला’ अशी दोनच असतील आणि दोघेही ८० टक्के वेळा ‘तटस्थ’ म्हणत असतील, तर तुकडे न ऐकता केवळ त्या सवयीने उत्तरे दिली असती तरी ६८ ठिकाणी ती जुळली असती, कारण ०.८ चा वर्ग आणि ०.२ चा वर्ग यांची बेरीज ०.६८ येते. योगायोगापलीकडचे एकमत म्हणजे ०.८० वजा ०.६८, भागिले १ वजा ०.६८, म्हणजे ०.३७५. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. दोनपेक्षा जास्त माणसे असतील तर क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे अशाच प्रकारचे माप वापरावे. आकडा इतका खाली आला तर सूचना अधिक स्पष्ट कराव्यात किंवा प्रश्नच बदलावा. माणसांचे एकमेकांशी जे जमत नाही ते यंत्राकडून मागण्यात अर्थ नसतो. आणि ज्या तुकड्यांवर मतभेद राहिला ते फेकून देऊ नयेत. पाचांपैकी तिघांनी ‘चिडलेला’ म्हटले, तर ०.६ हेच लेबल ठेवावे.

वैशिष्ट्ये आणि मॉडेल

आवाजातून काढायच्या गोष्टी बऱ्याच स्थिरावलेल्या आहेत: पट्टी आणि तिचे चढउतार, जोर, बोलण्याचा वेग, थांबण्याच्या जागा, कंपनांतली अनियमितता आणि आवाजाचा पोत. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यांतल्या अनेक गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात, आणि प्रत्येकाने किमान एक दिवस तरी त्यात आपल्याच घरचे आवाज पाहावेत. पुढे ओपनस्माइल हे साधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-जेमॅप्स या संचातील ८८ आकडे प्रत्येक तुकड्यासाठी एका आज्ञेत काढून देते.

निवांत बोलण्याचे रेकॉर्डिंग आता कामी येते. पुरुषांची पट्टी साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास आणि स्त्रियांची २०० च्या आसपास असते, त्यामुळे कच्चे आकडे दिले तर यंत्र भावाऐवजी बोलणारी स्त्री आहे की पुरुष हे शिकते. प्रत्येक व्यक्तीच्या निवांत बोलण्याची सरासरी तिच्या बाकीच्या आकड्यांतून वजा करावी आणि पट्टी हर्ट्झऐवजी सेमीटोनमध्ये, म्हणजे संगीतातल्या अर्ध्या सुरांच्या अंतरात, मोजावी. एवढ्या एका दुरुस्तीने होणारा फायदा बऱ्याचदा मॉडेल बदलून होणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

तुकडे काहीशेच असतील तर लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा सपोर्ट व्हेक्टर मशीन अशी साधी मॉडेल पुरे. त्यानंतर हवे तर मराठीसह भारतीय भाषांवर आधीच प्रशिक्षित झालेले, एआय४भारत या संशोधनगटाचे इंडिकवेव्ह२व्हेक हे आवाजाचे मॉडेल घेऊन त्याच्या वरच्या थराला आपल्या लेबलांवर शिकवावे. अशा मॉडेलच्या आत शब्दांचा मागही उमटलेला असतो, त्यामुळे सुखद-त्रासदायक हा भेद त्यांना अधिक जमतो.

चाचणी

तुकडे सरसकट पिसून त्यांतले काही चाचणीसाठी बाजूला काढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. एकाच माणसाचे तुकडे दोन्हीकडे गेले की यंत्र त्याचा आवाज ओळखून गुण मिळवते. विभागणी माणसांनुसार करावी: एकेका व्यक्तीला पूर्ण बाहेर ठेवून बाकीच्यांवर शिकवावे आणि बाहेर ठेवलेल्या व्यक्तीवर तपासावे. आकडा खाली येईल. तोच खरा असतो.

एकूण अचूकतेवरही विसंबू नये. २०० तुकड्यांपैकी १७० तटस्थ आणि ३० चिडलेले असतील तर डोळे मिटून ‘तटस्थ’ म्हणणारे यंत्र ८५ टक्के अचूक ठरते. म्हणून प्रत्येक लेबलाचे यश वेगळे काढून त्यांची सरासरी घ्यावी. या यंत्राची ती सरासरी ५० टक्के येईल आणि त्याची लायकी लगेच कळेल. स्त्री-पुरुष, वय, बोली आणि फोनचा प्रकार यांनुसारही आकडे वेगळे पाहावेत. २०१८ मध्ये लॉरेन र्‍यू या संशोधिकेने बास्केटबॉल खेळाडूंची छायाचित्रे चेहरा वाचणाऱ्या दोन व्यावसायिक सेवांना दिली, तेव्हा त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या चेहऱ्यांवर जास्त नकारात्मक भाव असल्याचे ठरवले होते. असा कल एकूण सरासरीत दिसत नाही.

वापरापूर्वी आणखी एक हिशेब कागदावर करावा. समजा १,००० तुकड्यांत खरोखर चिडलेले २० आहेत, यंत्र त्यांतले ८० टक्के पकडते आणि बाकीच्या ९८० पैकी फक्त १० टक्क्यांवर चुकीचा इशारा देते. म्हणजे १६ खरे इशारे आणि ९८ खोटे; दर सात इशाऱ्यांमागे जेमतेम एक खरा. रोजच्या आयुष्यात तीव्र भाव विरळ असतात, त्यामुळे प्रयोगशाळेत चांगले ठरलेले यंत्र इथे सतत लांडगा आला म्हणत राहते. यावर उपाय म्हणजे खात्री कमी असताना यंत्राला गप्प बसू देणे, आणि एका तुकड्यावर निर्णय न देता सलग चार-पाच तुकड्यांचा कल पाहणे.

वापराची हद्द

युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांमध्ये माणसांच्या शारीरिक खुणांवरून भावनांचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. अपवाद वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांचा. मायक्रोसॉफ्टने त्याआधी, २०२२ मध्येच, आपल्या चेहरा ओळखणाऱ्या सेवेतून भावनांचा अंदाज काढून टाकण्याची घोषणा केली होती. युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना हा कायदा पाहूनच पावले टाकावी लागतात. हेल्पलाइनवर ग्राहकाचा आवाज चढताच फोन अनुभवी सहकाऱ्याकडे वळवणे आणि त्याच आकड्यांवरून कर्मचाऱ्याची पगारवाढ ठरवणे, यांत तंत्रज्ञान एकच असले तरी दुसरे काम स्वीकारू नये, असे माझे मत आहे.

पडद्यावर काय लिहायचे हेही यंत्रणेचाच भाग आहे. ‘ग्राहक रागावला आहे’ असे न लिहिता ‘आवाज सुरुवातीपेक्षा चढलेला आहे’ असे लिहावे, कारण मोजले गेले आहे ते एवढेच. शेजारी ‘हे बरोबर नाही’ असे एक बटण ठेवावे. ते दाबले गेलेले तुकडे, संमतीत तशी मुभा घेतली असेल तर, दर महिन्याला लेबल लावणाऱ्यांकडे परत पाठवावेत आणि मुदत संपलेली रेकॉर्डिंगे त्याच दिवशी पुसावीत.